रायच्या शेतातली गाठ

"वेक्षाआजीला नदीत टाकून बघणार म्हणे! बुडली तर बिचारी निर्दोष, तरंगली तर चेटकीण!" झाविद धापा टाकत म्हणाला.

"म्हणजे दोन्हीकडून मेलीच की!" मिलुशा ओरडली.

कापणीसाठी पाद्रीबाबांनी अक्षरांचा वर्ग बंद ठेवला होता. सुट्टीत मासे धरायचे, रानातली बोरं खायची, असे मिलुशा, झाविद आणि धाकट्या दोमाशचे बेत होते. पण सगळं गाव सुतक पडल्यासारखं गप्प होतं. पुरुषभर उंच रायच्या, म्हणजे गावाच्या पावाच्या धान्याच्या, पिकात कुणीतरी कणसांच्या गाठी मारल्या होत्या. एक नाही, चार! अशी गाठ म्हणजे करणी. हात लावील त्याचा हात झडणार, त्या शेतातला पाव खाईल तो हिवाळा काढणार नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गाठ उपटावी ती जाणत्या वेक्षाआजीनंच. आणि म्हणूनच गावानं तिला धरलं होतं. जिला गाठ सोडवता येते तिलाच ती मारता येणार, नाही का? मोठ्यांची अक्कल!

याच वेक्षाआजीनं गेल्या थंडीत मिलुशाचा ताप उतरवला होता. आणि आज मिलुशाची आईच दोरी घेऊन सगळ्यांच्या पुढे होती. मिलुशाला आईची लाज वाटत होती, भीतीही वाटत होती.

"चला, गाठी बघू," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? हात झडेल!"

"बघायला डोळे लागतात, हात नाही!"

तिघं बांधावरून वाकली. प्रत्येक गाठीखाली पीक माणूसभर लांब दबलेलं होतं. शेजारी कांद्याची सालं!

"चेटकीण कांदा खाते?" दोमाशनं विचारलं.

तेवढ्यात घोरणं ऐकू आलं. पाचवी गाठ! सावलीसाठी डोक्यावरची कणसं एकत्र बांधून शेताचा राखणदार मिरोशकाका खाली खुशाल पसरला होता.

"उठवू?" झाविद कुजबुजला.

"गप्प! नुसतं सांगून आपलं ऐकणार कोण? दोमाश, तू इथंच थांब. मी हात हलवला की बोंब ठोक!"

मिलुशा आणि झाविद नदीकडे धावली. "राद्कोआजोबा, गाठी मारणारा सापडला! आत्ता शेतातच आहे!" हे ऐकून मुखिया राद्को सगळ्या गावाला घेऊन बांधावर आला. मिलुशानं हात हलवला.

"घोडे शिरले! घोडे शिरले!" दोमाश किंचाळला.

गाठीखालून मिरोश ताडकन उठला. "कुठायत? मी जागाच होतो!"

कुणी हसलं नाही.

"ऊन फार लागतं हो दुपारचं," तो पुटपुटला.

"आजीला धरलं तेव्हा का नाही बोललास?" राद्को गरजला.

"राखणदारी गेली असती ना!"

"शाबास रे पोरांनो! गावाच्या हातून पाप होता होता टळलं," राद्को म्हणाला. मिलुशाच्या आईनं आजीची दोरी सोडली, पण मान वर केली नाही. मग सगळे गाठींकडे बघत उभे राहिले. पुढे कुणीच होईना.

"आजी," राद्को खाली बघत म्हणाला, "तेवढ्या गाठी..."

वेक्षाआजी शेतात शिरली. ओठ हलवत तिनं पाचही गाठी उपटल्या. लोक विळे घेऊन कामाला लागले. तिच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही.

मिलुशानं तिला धरून घराकडे नेलं. "आजी, झोपाळू काकाच्या गाठीला कसला गं मंत्र?"

"कसलाच नाही. पण ओठ हलवले नसते तर त्यांच्या घशाखाली पाव उतरला नसता."

"आणि पुढल्या वर्षी कुणाची गाय आटली तर?"

"येतील की माझ्याकडे," सोललेलं मनगट चोळत आजी म्हणाली. "अंडी घेऊन येतील की दोरी घेऊन, ते मात्र मला नाही सांगता येत."