दोन सारखे ग्लास

रस दोघांनी एकाच जगमधला प्यायला, मग सारंगच का गेला?

बारा वर्षांच्या शाल्मलीने हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता. उत्तर तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं: माझ्यामुळे. घरचा नियमच होता, एकाने वाटायचं, दुसऱ्याने निवडायचं, म्हणजे भांडण नको. त्या दिवशी उसाचा रस तिने दोन ग्लासांत वाटला. धाकट्या भावाने, सारंगने, वाकून, डोळे बारीक करून चार वेळा ताडून पाहिलं आणि मग एक उचलला. महिन्याभराने दोघांना कावीळ झाली. ती आठवड्यात हिंडू-फिरू लागली. सारंग दवाखान्यातून परत आलाच नाही.

तिचे आजोबा, तात्या, जनुकं (शरीर घडवणाऱ्या लिखित सूचना) वाचणारे शास्त्रज्ञ. आज त्यांनी तिला घरातल्या जनुकवाचक यंत्रापाशी बोलावलं.

"तात्या, त्याच्या ग्लासात विषाणू जास्त गेले का हो?"

"नाही गं बाळ. तसं काही नव्हतं."

ते सावकाश सांगू लागले. विषाणू यकृतात (उजव्या बरगड्यांखालच्या अवयवात) शिरला, की शरीराचे शिपाई धावतात आणि बिघडलेल्या पेशी मारतात. एक प्रथिन त्यांना चेव आणतं, दुसरं त्यांना आवरतं. आवरणारं प्रथिन बनवायची सूचना प्रत्येकाकडे दोनदा असते, एक आईकडून आलेली, एक बाबांकडून.

"तुझ्या आई-बाबांकडे एकेक सूचना चुकीची आहे. पण एक बरोबर असली की भागतं. सारंगकडे दोन्ही चुकीच्याच आल्या. त्याच्या शिपायांना आवरणारं कुणी नव्हतं. यकृत त्यांनीच जाळलं."

"असं कुणी वाटलं?"

"कुणीच नाही. आणि निवडायला कुणालाच मिळत नाही."

मग तात्याच पुढे म्हणाले, "लस राहिलीय म्हणून तुझी आई मागे लागली होती. मीच म्हटलं, कावीळ मलाही झाली होती लहानपणी, काय झालं? आयुष्यभर जगाची जनुकं वाचली, घरातली तेवढी राहिली."

ते हुंदके देऊन रडले. शाल्मलीला त्यांचा भयंकर राग आला, आणि तरी तिने त्यांचा हात धरला.

यंत्राने बारीक आवाज केला. अकरा महिन्यांच्या मुक्ताचा अहवाल आला होता. धाकट्या बहिणीच्याही दोन्ही सूचना चुकीच्या. दारात उभी असलेली आई धावत यंत्रापाशी आली.

"या वेळी आधी कळलंय, सूनबाई," तात्या डोळे पुसत म्हणाले. "तोवर पाणी उकळूनच द्यायचं. वर्षाची झाली की लस. मग हा विषाणू आला, तरी यकृतात ठाण मांडायच्या आत संपेल."

संध्याकाळी शाल्मलीने लिंबू सरबत केलं आणि सवयीने दोन ग्लासांत वाटलं. दोन्ही तात्यांपुढे ठेवले.

"निवडा."

तात्यांनी न बघताच एक उचलला. सारंगने चार वेळा ताडून पाहिलं असतं.