वेंडलची दोन मिनिटं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. हे माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या बाबतीत घडलंय आणि मी पदरचं काहीही घातलेलं नाही.

फेब्रुवारी १९९६. शनिवार, दुपारचे साडेतीन. इंडियानातल्या आमच्या गावच्या कॉलेजचं जुनं बास्केटबॉल स्टेडियम. घरच्या मैदानावरचा मोसमातला शेवटचा सामना.

माझा मेहुणा, वेंडल हॅगर्टी. कॉलेजचं शेवटचं वर्ष. चार वर्षं संघात, पण एकदाही मैदानावर पाऊल नाही. नुसतं बाकावर बसून इतरांचे टॉवेल झेलले. त्या दिवशी सासूबाई टोमॅटोच्या कारखान्यातली पाळी बुडवून, बर्फातून चार तास गाडी हाकत आल्या होत्या. लेकाला एकदा खेळताना बघायचं होतं त्यांना, बस.

दोन मिनिटं उरली. आम्ही वीस गुणांनी पुढे.

कोच म्हणाले, "हॅगर्टी, ऊठ. टेबलावर नंबर सांग आणि जा आत."

वेंडलने गुण लिहिणाऱ्या म्हाताऱ्याला चाळीस नंबर सांगितला. टेबलापुढे गुडघा टेकून थांबला. भोंगा वाजला. आमचा एक जण बाहेर आला, वेंडल आत धावला...

पंचाने शिट्टी मारली.

"तू कुठे निघालास? पाचच चालतात, सहा झालात तुम्ही."

"अहो, मी पाचवा."

पंचाने बोटाने मोजलं. एक, दोन, तीन, चार... मग बोट रिकाम्या कोपऱ्याकडे गेलं.

पाच.

"आणि तू सहावा. हो बाहेर, नाहीतर फाउल देईन."

वेंडल चरफडत कोचकडे आला. "कोच, तुम्ही मोजा. चारच आहेत."

कोचने मोजलं. "पाच आहेत की. डोळे फुटले का तुझे? बस खाली."

बसला बिचारा. संतापाने रडायला येत होतं त्याला.

खेळ सुरू झाला. आमच्यातल्या एकाने चेंडू फेकला, त्याच रिकाम्या कोपऱ्यात.

चेंडू खाली पडलाच नाही.

छातीच्या उंचीवर थबकला... क्षणभर... आणि कमान घेत थेट जाळीत गेला.

अख्खं स्टेडियम नाचायला लागलं. वावगं कुणालाच वाटलं नाही.

सामना संपल्यावर वेंडलने म्हाताऱ्याची वही ओढली. चाळीस, हॅगर्टी, लांबच्या फेकीचे तीन गुण.

"मी खेळलोच नाही."

"गप रे," म्हातारा म्हणाला. "माझ्यासमोर मारलास."

आईला काय तोंड दाखवायचं? वेंडल कपडे बदलायच्या खोलीत दार लावून तासभर बसला. बाहेर आला तेव्हा आईची गाडी निघून गेली होती. न भेटताच गेली, हे त्याच्या मनाला फार लागलं. पण विचारायची हिंमत झाली नाही.

वर्षं गेली. गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवताना सासूबाईंनी टर्की कापता कापता पुन्हा त्या तीन गुणांचा विषय काढला. वेंडलचा संयम सुटला.

"आई, तो मी नव्हतो. मी खेळलोच नाही त्या दिवशी."

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली.

"मला खुळ्यात काढतोस? खेळलास, वर बघून हात केलास. नंतर गाडीपर्यंत सोडायला आलास, माझा हात धरून... बर्फावरून पाय घसरेल म्हणून."



"किती गार होता रे हात तुझा. हातमोजे घाल म्हटलं, तर नुसता हसलास."

 

वेंडल उठून अंगणात गेला. मी मागे गेलो. गाडीला टेकून उभा होता, डोळे लाल.

"खेळला तर खेळला," तो म्हणाला. "पण आईला गाडीपर्यंत सोडायचं तरी माझ्यासाठी ठेवायचं होतं त्याने."