वाढत्या अंगाचा गणवेश

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी रंगवालीताई लेकीचा नवा गणवेश घेऊन रेल्वेखालच्या भुयारी रस्त्याच्या तोंडाशी आली. तिथे एक मावशी शिलाईमशीन टाकून बसायची. ताईचं स्वतःचं कामही तिथेच, आत भुयारात. भिंतींवर वस्तीतल्याच माणसांची चित्रं काढायची, म्हणजे लोकांची भीती मोडेल आणि ते वरून रूळ ओलांडायचं सोडतील, असं वस्तीनं ठरवलं होतं.

लेकीला घरात सगळे शेंग म्हणत. पोरगी शेवग्याच्या शेंगेसारखी भराभरा वाढायची, त्यामुळे गणवेश नेहमी वाढत्या अंगाचा. मावशीनं पूर्ण बाह्यांचा तो फ्रॉक बाह्यांशी आणि खाली आत दुमडून शिवला.

"परीक्षेच्या आत उसवायला आणशील बघ," ती हसली. मग मशीनच्या खणातून तिनं एक लहानसा शर्ट काढला. "हा माझ्या पोराचा. त्यालाही काढ ना गं भिंतीवर. आत अंधार असायचा, एकट्याला भीती वाटायची, म्हणून वरून जायचा. तसाच गेला..."

ताईनं शर्ट भिंतीला लावून त्याच मापाचा पोरगा काढला. पण तो एकटा उभा असलेला तिला बघवेना. मग तिनं त्याच्या शेजारी आपली शेंग काढली, आणि तिचा उजवा हात त्याच्या मुठीत दिला.

मावशी येऊन भिंतीशी उभी राहिली. "आता नाही घाबरायचा," एवढंच म्हणाली. ताईला त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पाऊसपाणी सरलं, हवा गार झाली, तेव्हा मावशीनंच तिला हाक मारली. "ताई, त्याची बाही आखूड होतेय गं."

खरंच, मनगट बाहेर आलं होतं. आपलंच माप चुकलं म्हणत ताईनं रंगानं बाही लांबवली. पुन्हा महिन्याभरात तेच. मग विजारीखालून घोटे दिसायला लागले. शेंगेच्या कानाला लागणारा पोरगा आता तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत होता.

"वाढीचं वय आहे," मावशी दोरा ओवता ओवता म्हणाली. तिचा चेहरा इतका निवलेला होता की ताईला पुढे बोलवेना.

पण तिचं कामात लक्ष लागेना. त्या भिंतीकडे पाठ करून उभं राहायला नको वाटायचं आणि तोंड करूनही नको वाटायचं. वरून गाडी गेली की भिंत थरथरायची, ओल्या चुन्याचा वास नाकात भरायचा. घरी आली तरी तो वास अंगाला असायचा. जेवताना मध्येच उठून ती उगाच दाराची कडी बघून यायची.

परीक्षा तोंडावर आली. संध्याकाळी गणवेशाला इस्त्री करताना ताईचा हात थांबला. दुमड तशीच होती. उसवायची वेळच आली नव्हती.

मनात शंकेची पाल चुकचुकली. तिनं शेंगेला दाराच्या चौकटीशी उभं केलं. तिथे दर वाढदिवसाला पेन्सिलीची खूण करायची रीत होती. शेंग जुनी खूण जराही ओलांडत नव्हती.

"नीट उभी राहा गं."

"उभीच आहे की, आई."

"थांबते एखादं वर्ष वाढ," नवरा म्हणाला. "तू उगाच राईचा पर्वत करतेस."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ताई पांढरा रंग आणि रुंद ब्रश घेऊन भुयारात शिरली. मावशी मशीन सोडून मागोमाग आली.

"त्याला नको पुसू..."

"त्याला नाही. माझ्या पोरीला पुसते."

"एकटा पडेल गं तो."

"मावशी, मला एकच आहे ती."

"मलाही एकच होता," मावशी म्हणाली, आणि बाजूला झाली.

ताईनं शेंग डोक्यापासून पायापर्यंत झाकली. रंगावर रंग दिला. मनगटापाशी ब्रश अडला. पोराची मूठ घट्ट मिटलेली होती. आतली शेंगेची बोटं तिनं मुळात काढलीच नव्हती, मग पुसणार काय? मुठीला हात लावायचा तिला धीर झाला नाही. मावशीही बघत होती. तशीच ती घरी गेली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

निकालाच्या दिवशी शेंग गणवेश घालून आतल्या खोलीतून आली. "आई, बाही उसवून दे ना. आखूड झालीय."

ताईचा जीव भांड्यात पडला. हसतच तिनं कात्री घेतली, लेकीला उजेडात ओढलं आणि वरपासून खालपर्यंत पाहिलं. फ्रॉक अजून पायांवर तसाच लांब होता. डावी बाही पंजावर उतरत होती. उजवीच तेवढी वर चढली होती.

"दुखतोय का गं हात?"

"दुखत नाही. ओढल्यासारखा होतो... गाडी गेली की."

ताईनं खाली बसून उजव्या बाहीचे टाके एकेक करून उसवले. आत दुमडलेलं होतं नव्हतं ते सगळं कापड तिनं सोडलं. तरी बाही मनगटापर्यंत पोचली नाही.