नव्या गाद्या

पोलीस ॲक्शनला सात-आठ वर्षं होऊन गेली असतील. शहागंजात माझं गॅरेज तेव्हा नवंच होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याचं शेड आणि समोर एक कडुलिंब. उन्हाळ्यातल्या एका दुपारी काकासाहेब मोटार घेऊन आले. फुलंब्रीकडचे मोठे जमीनदार. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. शहरात एकटेच राहायचे आणि गाडी स्वतःच चालवायचे.

"बन्सी, पळताना ठीक पळते," ते म्हणाले. "उभी केली की थरथरते. ॲक्सिलेटरवरनं पाय काढला की बंदच पडते."

"कधीपासनं?"

"झाले थोडे दिवस." बोलताना ते माझ्याकडं नाही, रस्त्याकडं बघत होते.

मी बॉनेट उघडलं. प्लग काढून घासले, पॉइंटची फट बघितली, कार्बोरेटर खोलून जेट फुंकून साफ केला. तरी तीच गत. हिव भरलेल्या माणसासारखी सगळी गाडी हलत होती. मग कार्बोरेटर जिथं इंजिनाला जोडलेला असतो, त्या जोडावर तेलाचे थेंब सोडले. तेल आत ओढलं गेलं आणि तेवढ्यापुरतं इंजिन शांत झालं. सापडलं! जोडातलं पॅकिंग फाटलं होतं, तिथनं इंजिन नको ती हवा खात होतं. नवं पॅकिंग कापून बसवलं, नट आवळले. गाडी अशी चालायला लागली, की चालू आहे का बंद ते कळू नये.

खात्री करावी म्हणून लांब पेचकस इंजिनावर टेकवला आणि मूठ कानाला लावली. आम्ही मिस्त्री लोक असंच ऐकतो. आत काय वाजतं ते लोखंडातनं सरळ कानात येतं. व्हॉल्व्हची टिकटिक ऐकू आली. पण तिच्या मागं आणखी काहीतरी होतं... कण्हणं. लहान लेकराचं. ताप फार चढला की लेकरू रडायचंही विसरतं आणि नुसतं हुं... हुं... करत राहतं, तसं.

मी पेचकस काढला. शेडमध्ये उन्हाची झळ आणि पेट्रोलचा वास. दुसरं काही नाही. परत लावला.

हुं... हुं...

माझं तोंड बघून काकासाहेबांनी काही न विचारता हात पुढं केला. पेचकस घेतला, वाकले, ऐकत राहिले. बराच वेळ. मग गाडीच्या पायरीवर मटकन बसले.

"चौक्याच्या घाटाजवळ..." त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "एक बाई रस्त्यात आडवी आली. कडेवर पोरगी. मी गाडी थांबवली, बन्सी. पण पोरीला ओकाऱ्या होत होत्या... आणि मागं नव्या गाद्या होत्या. आदल्याच दिवशी घातलेल्या."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"बाईनं दाराला हात घातला... आणि मी गाडी काढली." त्यांनी मान वर केली नाही. "पोरगी गेली असंल का रे?"

"चला, बघून येऊ," मी म्हणालो. त्या गाडीत बसायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण त्यांना एकटं सोडवेना.

घाटाजवळच्या वस्तीवर विचारत गेलो. बाईचं नाव साळूबाई. आम्ही दारात उभे राहिलो तर ती आतून आली, काकासाहेबांना बघितलं आणि एकदम पायावर डोकं ठेवलं.

"मालक! लई उपकार झाले. तुमची मोटार नसती तर लेक हाती लागली नसती."

तिच्या मागं चारेक वर्षांची पोरगी चिंचोके खेळत बसली होती.

"मी...?" काकासाहेब म्हणाले.

"तुमीच की. पुढं गेलाव, आन् मागारी आलाव. पार दवाखान्याच्या दारात सोडलं. वाटंत मातर एक शबुद बोलला नाय."

तिनं घोंगडी अंथरली, गुळाचा चहा केला. आम्ही दोघं खाली मान घालून बसलो. हा माणूस दुसऱ्याच कुणाच्या वाट्याचे आशीर्वाद चोरून घेतोय आणि मी शेजारी बसून बघतोय, असं वाटत होतं. काकासाहेबांची कानशिलं लाल झाली होती.

शेवटी त्यांनी बशी खाली ठेवली. "बाई, तो मी नव्हतो. मी थांबलो नाही. मी निघून गेलो."

साळूबाई हसली. "मोठी मानसं आसंच बोलत्यात. आन् त्या आईसायब बऱ्या हायेत ना?"

"कोण आईसाहेब?"

"मागं बसल्या हुत्या त्या. तोंडावर पदर हुता. त्येन्नीच लेकीला मांडीवर घेतलं, पाठीवर हात ठिवला. दवाखाना यायच्या आत ताप गेला बगा. हात मातर लई गार..."

बाहेर ऊन रणरणत होतं.

तिनं पोरीला जवळ ओढलं. "बगा, आजून तितं गारच लागतंय. डाक्टर म्हंत्यात, काय नाय."

काकासाहेबांनी पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. मग मी ठेवला. पोरीचं अंग उन्हानं तापलं होतं. खांद्यांच्या मधोमध मात्र विहिरीच्या तळासारखं गार. पोरगी चिंचोके मोजत होती. तिला त्याचं काहीच नव्हतं.

"आदी येवढंच हुतं," साळूबाईनं आपला तळवा दाखवला. मग पोरीच्या मानेवरचे केस बाजूला केले आणि हळूच म्हणाली, "आता हितवर आलंय."