आठ मोकळ्या जागा

शटर अर्धं वर गेलं होतं, तेवढ्यात फोन वाजला.

"फ्रेमा थांबवा. बाबांचे नऊ फोटो चोरीला गेलेत. त्या नर्सचंच काम. पोलिसांत देतोय तिला."

फ्रेमवालीने शटर पुन्हा खाली ओढलं. आठवड्यापूर्वी वारलेल्या एका म्हाताऱ्या हवाई सैनिकाचे, परमुलखातल्या युद्धात काढलेले फोटो ती प्रदर्शनासाठी मढवणार होती.

ती त्यांच्या घरी पोचली, तेव्हा फोन करणारा मुलगा येरझारा घालत होता. सून धुतलेल्या कपबशा पुन्हा धूत होती. नर्स दाराशी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. चोरीचा शिक्का बसला की तिला दुसरं घर मिळणार नव्हतं. तरीही तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

टेबलावर निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा होता. वर ठळक अक्षरांत: 'एका वैमानिकाच्या आठवणी'.

फ्रेमवालीने आल्बम चाळला. मोकळ्या जागा मोजल्या. आठ. गेलेल्या प्रत्येक फोटोखालची ओळही पट्टी लावून, पात्याने कापून नेलेली. हात सराईत नव्हता, पण घाईतलाही नव्हता.

"वहिनी, आल्बम कुठे असायचा?"

"बाबांच्या उशाशी. ते गेल्यावर यांच्या कपाटात."

"दादा, तुम्ही आधी पाहिला होता?"

"बाबांनी दाखवलाच नाही कधी. आज पहिल्यांदा उघडला. तिला विचारा ना, कुठे ठेवलेत ते!"

फ्रेमवाली नर्सकडे वळली. "त्या फोटोंत होतं काय?"

नर्सने मान वर केली. "हे अजून कोणी विचारलंच नाही."

"मी विचारतेय."

"बाबाच होते. रबरी ॲप्रन घालून. विमानं वरून फोटो काढून आणायची, बाबा खाली अंधाऱ्या खोलीत ते धुवायचे. तारेवर वाळत टाकायचे. त्यांचे डोळे गेल्यावर मी दुपारी ओळी वाचून दाखवायची."

"असे किती फोटो?"

"नऊ. एक पानावर कधी चिकटवलाच नव्हता, तो मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात असायचा. त्याखाली ओळ नव्हती."

फ्रेमवालीने शेवटच्या पुठ्ठ्याच्या खिशात बोटं घातली. रिकामा.

"विकणारा चोर विमानांचे फोटो नेतो," ती म्हणाली. "ते सगळे इथेच आहेत. आणि तो खालची ओळ कापत बसत नाही. ओळ कापतो तो, ज्याला ती कोणी वाचायला नको असते. पानांवर जागा आठ दिसतात, दादा. तुम्ही फोनवर नऊ म्हणालात. आज पहिल्यांदा आल्बम उघडणाऱ्याला खिशातला नववा कसा कळला?"

मुलगा खुर्चीत बसला. मग उठून त्याने कपाटातून एक पाकीट आणून ठेवलं.

"दुसरीत असताना वर्गात सांगितलं होतं, बाबा विमान चालवतात म्हणून. मग सांगतच राहिलो."

"लग्नाआधी मलाही सांगितलंत," सून म्हणाली. "माझे वडील तर तेवढ्यावरच भुलले." तिने नळ बंद केला.

नर्स उठली. "मी जाऊ?"

"जा. एजन्सीला मी आत्ताच फोन करतो. चूक माझी होती, असं सांगतो." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "बाबांना माहीत होतं? मी काय सांगत फिरायचो ते?"

"तुम्ही बाहेरच्या खोलीत पाहुण्यांना सांगायचात. आत सगळं ऐकू यायचं."

"मग?"

"मी एकदा म्हटलं, बाबा, खरं काय ते सांगा ना त्यांना. तर म्हणाले, राहू दे. तेवढंच एक तो माझ्याबद्दल बोलतो."