दोन पट्ट्या, एक झोप

सकाळी साडेसातला बोरदरा कालव्याच्या कामावर माणसं रांगेत उभी होती. एकेक जण फाटकाजवळच्या खांबापुढे मनगट धरायचा, मनगटावरची पट्टी हिरवी व्हायची आणि फाटक उघडायचं. कामगार निरीक्षक हेमलता सोनटक्के प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हे बघत होत्या. या आठवड्यातलं हे त्यांचं पाचवं काम होतं आणि अजून बुधवारच उजाडला होता.

विश्रांतिपट्टी सक्तीची होऊन दोन वर्षं झाली होती. रात्रीची नाडी, घाम आणि झोप यांवरून अंगात किती थकवा उरलाय ते ती सांगायची. सरकारी कामावर पट्टी तांबडी दिसली, की ठेकेदाराने त्या माणसाला त्या दिवशी कामाला लावायचं नाही, असा कायदा होता. त्याच्या मसुद्यापायी हेमलताबाईंनी तीन वर्षं कागद काळे केले होते, त्यामुळे कायदा चांगला आहे असं त्यांना वाटणं साहजिकच होतं.

इथल्या नोंदी तर नको तितक्या चांगल्या होत्या. पहिला आठवडा सोडला, तर चार महिन्यांत एकही तांबडी पट्टी नाही.

"बोट ठेवायला जागा सापडायची नाही, मॅडम," ठेकेदाराचे व्यवस्थापक सरनाईक चहा पुढे करत म्हणाले.

हेमलताबाईंनी टॅबवर रात्रीच्या नाडीच्या नोंदी उघडल्या. शेषेराव बोडखे आणि अनसाबाई बोडखे यांच्या रेघा एकीवर एक ठेवल्या, तर तंतोतंत जुळल्या. दोन वाजून दहा मिनिटांनी दोघांची नाडी एकदमच उसळली होती आणि एकदमच खाली आली होती. नवरा-बायकोचा संसार एक असतो हे ठीक, पण नाडीही एकच? त्यांनी पुढची जोडी उघडली, मग त्याच्या पुढची. छप्पन्न जोड्यांची तीच तऱ्हा होती. त्यांना राग यायला हवा होता, पण नुसता कंटाळा आला.

त्यांनी बोडखे नवरा-बायकोला बोलावून घेतलं.

"मुकादम जोडीनंच आणतो, म्याडम," शेषेराव म्हणाला. "एकाची पट्टी तांबडी झाली, की दोघं बी माघारी. पयल्या हप्त्यात हिची रोजच तांबडी."

"का?"

"साडेतीनला उठावं लागतंय," अनसाबाई म्हणाली. "हीर लांब हाय. पाण्याच्या दोन खेपा, मग भाकरी. मग ह्यांनीच रातीला माजी पट्टी बांधून निजाया सुरवात केली."

"दोनी मनगटाला एकेक," शेषेराव म्हणाला. "मला झोप लई गाढ. तिच्या वाटची बी मीच झोपतो."

तो थट्टा करत नव्हता आणि कुणी हसलंही नाही.

"भोवळ येते का?" हेमलताबाईंनी विचारलं.

"येती. उतारावर बसते घडीभर, मग जाती."

कालव्याचा उतार तीस फुटांचा होता आणि तळाशी काँक्रीट. फसवणूक नोंदवली तर छप्पन्न जोड्या घरी जाणार. नाही नोंदवली तर ही बाई एक दिवस त्या उतारावरून गडगडत खाली जाणार, आणि तिची पट्टी तेव्हाही हिरवीच असेल. हेमलताबाई उठून मजुरांच्या राहण्याच्या तळावर गेल्या. पत्र्याच्या खोल्या होत्या, चुली होत्या. नळ नव्हता.

परत येऊन त्यांनी शेरा लिहिला आणि सरनाईकांना वाचून दाखवला. तळावर पाणी आणि जेवण पुरवणं हे कायद्याने ठेकेदाराचं काम. ते इथे बायका करतात. म्हणजे बाईने पहाटे साडेतीनला हंडा उचलला, की तिचे कामाचे तास सुरू. आठ तास साडेअकराला भरतात.

सरनाईक आधी हसले. मग हसायचे थांबले.

"नळ आणि भटारखाना सोमवारपर्यंत," हेमलताबाई म्हणाल्या. "तोवर बायका साडेअकराला मोकळ्या. आणि ज्याची पट्टी त्याच्याच हाताला. या आठवड्यात तांबडी दिसली तर त्या बाईला सुट्टी, पण जोडी माघारी पाठवायची नाही."

"करतो ना. कायदा म्हणतो तर करतो." सरनाईकांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानेच हेमलताबाई जास्त थकल्या. "पुढच्या हंगामात मात्र मुकादमाला सांगेन, जोड्या नकोत, सडे गडी आण."

"ते बेकायदेशीर आहे."

"सिद्ध कोण करणार? जी बाई इथे आलीच नाही, तिला पट्टी कुठून असणार?"

याचं उत्तर मसुद्यात नव्हतं. त्या तीन वर्षांत हा प्रश्न कुणाला सुचलाच नव्हता, त्यांनाही नाही.

साडेअकराला भोंगा वाजला आणि बायका उतारावरून वर आल्या. भर दुपारी मोकळं झाल्यावर करायचं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या फाटकाशी घोळक्याने उभ्या राहिल्या. अनसाबाईने पदराने तोंड पुसलं आणि ती हेमलताबाईंजवळ आली.

"आता निजू म्हंता?"

"हो. स्वतःची पट्टी बांधून निजा."

अनसाबाईने मान डोलावली, ती चार पावलं गेली आणि थांबली.

"निजते. पन पुढल्या साली आमाला कुनी आनलंच न्हाई, तर ती झोप घिऊन काय करू, म्याडम?"