सम कागद

आमच्या स्टुडिओत आजही कागदावर चित्रं काढणारा मी एकटाच. बाकीचे पडद्यावर काढतात आणि माझ्याकडे जुन्या शिवणयंत्राकडे बघावं तसं कौतुकाने बघतात. माझं टेबल खिडकीशी. त्यात बसवलेली काच, काचेखाली दिवा, कडेला दोन खुंट्या. कागदाची भोकं खुंट्यांत बसली की कागद हलत नाही आणि खालच्या कागदावरचं चित्र वरून दिसतं. त्यापेक्षा केसभर वेगळं चित्र वरच्या कागदावर काढायचं. अशी बारा झाली की पडद्यावरची मुलगी एकदा मान वळवते.

माझी एक सवय आहे. मी आधी विषम कागद काढतो: एक, तीन, पाच. मधले सम कागद आकडा घालून कोरे ठेवतो आणि नंतर भरतो. शेजारच्या टेबलावरच्या रंगवाल्या ताई, म्हणजे आमच्या चित्रांत रंग भरणाऱ्या, नेहमी विचारायच्या, "सरळ एक-दोन-तीन काढायला काय होतं हो तुम्हाला?"

"जित्याची खोड," मी म्हणायचो. ती खोड मला कुणामुळे लागली, ते मात्र कधी सांगितलं नाही.

शाळेत असताना सम कागद डावरीचे होते. डाव्या हाताने काढायची म्हणून सगळा वर्ग तिला डावरी म्हणायचा. मी प्रत्येक कागदावर आकडे घालत बसायचो म्हणून ती मला मास्तर म्हणायची. मोठ्या डोळ्यांच्या जपानी कार्टूनचं, म्हणजे अ‍ॅनिमेचं दोघांनाही वेड. चित्रकलेच्या खोलीमागे एक अडगळ होती. तिथे आम्ही खिडकीची जुनी काच दोन बाकांवर आडवी टाकली, खाली टेबललॅम्प ठेवला आणि स्वतःची फिल्म काढायला घेतली. गोष्ट साधी. शाळेच्या अडगळीत एक मुलगा आणि एक मुलगी मिळून मातीचं गाव बनवतात. मुलाला तिला काहीतरी सांगायचं असतं, पण त्याने तोंड उघडलं की काहीतरी कोसळतं. कधी मातीचा पूल, कधी भिंतीवरची फळी, कधी तो स्वतःच.

"हे ध्यान तुझ्यावरच गेलंय," डावरी म्हणायची आणि स्वतःच खो-खो हसायची.

नियम एकच होता. विषम माझे, सम तिचे, आणि दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही. तिची रेघ दाबून काढलेली, खालच्या कागदावर वळ उठतील अशी. काढताना तिची करंगळी आधीच्या रेघांवरून घासत जायची. त्यामुळे तिच्या प्रत्येक कागदावर शिशाचा एक फिकट पट्टा असायचा आणि तिच्या तळहाताची कड कायम काळी.

शेवटच्या प्रसंगात मुलगी मुलासमोर उभी राहून विचारते, "काही सांगायचंय का?" तो कागद तिचा होता. उत्तराचा कागद माझा. तो आठवडाभर माझ्या दप्तरात कोराच राहिला. उत्तर मला ठाऊक होतं. तिलाही असावं.

तेवढ्यात एका स्पर्धेचा अर्ज हाती आला. नावासाठी त्यात एकच ओळ होती. मी दोन्ही नावं लिहून पाहिली, ती मावत होती. तरी मी दुसरा अर्ज घेतला. तिचे दीडशे कागद घरी नेले, एकेक खिडकीच्या काचेवर धरून वरून माझ्या हलक्या रेघेत गिरवले आणि तिचे रद्दीत घातले. शेवटचा प्रसंग काढूनच टाकला. तिने विचारलं तेव्हा म्हणालो, "पाणी सांडलं गं, सगळे खराब झाले." ती शिशाने काळ्या झालेल्या माझ्या बोटांकडे बघत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं. बक्षीस मला मिळालं, बक्षिसामुळे कॉलेज, कॉलेजमुळे ही नोकरी. डावरी पुन्हा त्या अडगळीत आली नाही.

याला बावीस वर्षं झाली. यंदा आमच्या मालकीणबाईंना ती फिल्म कुठून तरी सापडली. "काय गोड आहे हो! हीच आपण मोठी करू. शेवट तेवढा नवा जोडा. आणि सगळी एकट्याच्या हातची, म्हणजे कमालच!"

मी मान डोलावली. बावीस वर्षांत मानेला तेवढं वळण लागलं होतं.

काम सुरू झालं. पहिल्या आठवड्यात एकदा दुपारचा चहा घेऊन आलो तर दोन नंबरच्या कोऱ्या कागदावर वळ दिसले. शिसं नाही, नुसते वळ. हात फिरवला तेव्हा मुलीचा चेहरा बोटांना लागला. वाटलं, वर कागद ठेवून कुणीतरी काहीतरी काढलं असेल. पण त्या टेबलावर काढणारा मी एकटाच, आणि माझा हात हलका.

पुढच्या आठवड्यात वळांत शिसं भरलेलं होतं.

"अरे वा, सम कागदही उरकले?" रंगवाल्या ताई गठ्ठा चाळत म्हणाल्या. मग थांबल्या. "पण यांत मुलगा काढायचा राहिलाय."

खरंच राहिला होता. प्रत्येक सम कागदावर मुलगी होती, मातीचं गाव होतं. मुलगा जिथे असायला हवा तिथे त्याच्या मागची फळी, तिच्या खिळ्यांसकट, नीट काढलेली होती. आणि सगळ्यांवर उजवीकडे सरकत गेलेला एक फिकट पट्टा.

मी त्यांवर मुलगा काढला. चहा घेऊन परत आलो तर तो गेलेला. खोडल्याची खूण नाही, रबराचा एक कणही नाही.

तसेच कागद चालवून पाहिले. विषम कागदावर मुलगा आहे, समवर नाही. त्यामुळे पडद्यावर तो धुरकट दिसत होता. त्याच्या छातीतून मागचे खिळे दिसत होते.

"झकास!" मालकीणबाई म्हणाल्या. "लाजून पार विरघळलाय बिचारा."

मी शाळेतल्या एकाकडून डावरीचा नंबर मिळवला. ती आता चष्म्याच्या दुकानात असते.

"मास्तर?" एका शब्दात तिने आवाज ओळखला.

"अजून काढतेस का गं चित्रं?"

"छे. तेव्हापासून पेन्सिल धरली नाही." मग हसली. "पण हल्ली एक गंमत होते बघ. दुपारी दुकानात बसल्या बसल्या डोळा लागतो. उठते तर करंगळीखाली काळं. साबणानेही जात नाही."

तिच्या दुकानातलं घड्याळ मला ऐकू येत होतं.

"काही सांगायचंय का?" तिने विचारलं.

शब्द अगदी ओठांवर आले होते. समोर काहीही कोसळलं नाही, कुणी हाक मारली नाही.

"नाही गं. सहज केला फोन."

"बरं," ती म्हणाली.

त्याच दुपारी फिल्मच्या शेवटी दाखवायची श्रेयनामावली तपासायला आली. 'चित्रे' या शब्दापुढे एकच नाव होतं. मी सही केली.

काम संपत आल्यावर सगळ्यांचा एक फोटो काढला. मागच्या रांगेत दारापाशी मी आहे. माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी दाराची कडी दिसते.

मी तो फोटो कुणाला दाखवला नाही. घरी हल्ली मला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते. बायको म्हणते, "पुटपुटू नका हो, नीट बोला."

काल शेवटचा सम कागद भरलेला मिळाला. मुलगी विचारते आहे, "काही सांगायचंय का?" पण या वेळी ती मुलाच्या जागेकडे बघत नव्हती. ती कागदाबाहेर बघत होती.

पुढचा कागद विषम. माझा. कोरा.

मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज. मी उठून रंगवाल्या ताईंच्या टेबलापाशी गेलो.

"ही फिल्म माझी नाही," मी म्हणालो. "निम्मी तिची आहे. मी चोरली."

ताई रंग निवडत राहिल्या.

मी मोठ्याने म्हणालो. टेबलावर हात टेकून, एकेक शब्द तोडून म्हणालो. तिचं पूर्ण नाव घेतलं. माझा घसा दुखला.

ताईंनी वर पाहिलं आणि दचकल्या. "अगंबाई! तुम्ही कधी आलात? काही म्हणालात का?"

मी पुन्हा सांगितलं. सगळं. त्या माझ्याकडे बघत होत्या, मान जरा कलती करून, अजून मी बोलायचीच वाट बघत.

"काही नाही," मी शेवटी म्हणालो.

"मग ठीक," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. तेवढं त्यांना स्पष्ट ऐकू आलं होतं.